कार्लोसचा हेतू विचारतोस, तर आधी साल सांग

आमच्या पुतण्याचा एक मित्र आहे, एमपीएससी करतोय, सात रस्त्याकडं एका अभ्यासिकेत दिवसभर बसलेला असतो. त्याचा परवा रात्री लांबलचक मेसेज आला, सत्तर-ऐंशीच्या दशकात युरोपात बॉम्ब आणि खून केलेल्या एका अतिरेक्याबद्दल. थोडक्यात असा: "काका, तो कार्लोस द जॅकल खरा क्रांतिकारक होता का पैसे घेऊन मारणारा? वकिलाचा पोरगा, चार-पाच भाषा येणारा, लंडनला शिकलेला, तो या लायनीला लागलाच कसा? इंग्रजांनी आपल्या लोकांना पण अतिरेकीच म्हटलं होतं की. आणि तुम्ही त्याच्यासमोर बसला असता तर काय विचारलं असतं?" वर परत, दोन ओळीत सांगा काका. दोन ओळीत होत नाही बे ते, म्हणून बसून लिहितोय.

मी खात्यात ३२ वर्षं काढली, फौजदार म्हणून लागलो, बरीच वर्षं गुन्हे शाखा आणि नंतर विशेष शाखा. आंतरराष्ट्रीय अतिरेकी काय मी पकडलेला नाही, उगाच फुशारकी मारत नाही. पण गुन्हा केलेला माणूस समोर बसवून बोलता करणं हे काम आयुष्यभर केलंय, आणि कार्लोसच्या केसेस मी हट्टानं वाचल्यात, कारण त्यात पोलिसांच्या चुका पण भरपूर आहेत, आणि आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या चुकीवरनं शिकणं स्वस्त पडतं.

आधी हेतूचं सांगतो. नवीन फौजदार आरोपीला पहिला प्रश्न हाच टाकतो, का केलास? आणि तिथंच फसतो, कारण त्या 'का'चं उत्तर आरोपीनं तयारच ठेवलेलं असतं, बऱ्याचदा गुन्हा झाल्यावर बनवलेलं असतं. आमच्याकडं एक जुने हवालदार होते, ते म्हणायचे, साहेब, 'का' राहू द्या, आधी विचारा, गुन्हा झाल्यावर काय केलास, मग कुठं गेलास, कुणाला भेटलास, 'का' आपोआप बाहेर पडतंय. नव्वदच्या दशकात एका पोराला आणलं होतं, भर बाजारात एकाला चाकू मारला होता. कारण काय तर समाजासाठी केलं, आमच्या लोकांचा अपमान झाला होता. अर्धा तास भाषण. सकाळी त्याला चहा आणि पाव दिला, तर पाव चहात बुडवता बुडवता हळूच विचारतो, "साहेब, पेपरात नुसतं नाव आलंय का फोटो पण आलाय?" पाव भिजून अर्धा चहात गळून पडला तरी त्याचं लक्ष नाही, माझ्या तोंडाकडं बघतोय. आता त्याचं ते समाजाचं कारण खोटं होतं का, तर नाही, अपमान झाला होता, मी स्वतः साक्षीदार तपासलेले. पण फोटोचं पण खरं होतं. दोन्ही एकाच पोराच्या डोक्यात होतं, फक्त कुठल्या वेळी कुठलं वर येतंय ते बघायला लागतं. कार्लोसला पण मी असाच वाचतो.

तर कार्लोसचं खरं नाव इलिच रामिरेझ सांचेझ. जन्म १२ ऑक्टोबर १९४९, व्हेनेझुएलातलं काराकास. बाप वकील, पैसा बरा, आणि कट्टर मार्क्सवादी. तीन पोरं झाली तर लेनिनचं अख्खं नाव तिघांत वाटून टाकलं, इलिच, लेनिन आणि व्लादिमीर. आई देवभोळी कॅथलिक, तिला ख्रिस्ती नाव ठेवायचं होतं पण कोण ऐकतंय. आपल्या सोलापुरात याचं कुणाला नवल वाटू नये, पूर्व भागात विडी आणि गिरणी कामगारांच्या लाल बावट्याच्या घरात लेनिन नावाची माणसं मी पाहिलीत, त्यातला एक तर पासपोर्टच्या चौकशीला आला होता, टॉवेलचे चार माग आणि गळ्यात सिद्धेश्वराचं लॉकेट. नावावरनं माणूस बॉम्ब टाकत नसतो.

आई-बापाचं जमेना, आई १९६६ ला पोरांना घेऊन लंडनला आली. १९६८ ला बापानं दोघा थोरल्यांना मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात घातलं, तिथं तिसऱ्या जगातली पोरं फुकट शिकायची. ह्यानं तिथं अभ्यास कमी आणि मौजमजा जास्त केली, शिस्त म्हणजे काय ठाऊक नाही, १९७० ला काढून टाकलं. पण तिथं पॅलेस्टिनी पोरं भेटली. १९४८ ला आणि परत १९६७ ला घरंदारं सुटलेल्या लोकांची ती पोरं, त्यांचं गाऱ्हाणं खरंच होतं, त्यात काय शंका नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये हा बेरूतला गेला आणि पीएफएलपी म्हणजे पॅलेस्टाईन मुक्तीच्या लोकआघाडीत दाखल झाला. जॉर्ज हबाशची संघटना ती, आणि परदेशातल्या कारवाया वादी हदाद बघायचा. बसाम अबू शरीफनं त्याला कार्लोस हे नाव दिलं. सप्टेंबर १९७० ला जॉर्डनच्या राजाच्या फौजेनं पॅलेस्टिनी लढवय्यांना हाणून काढलं, त्या लढाईत हा होता.

वय वीस. ह्या सालचा हेतू विचारशील तर मी म्हणेन पोरगा मनापासनं गेला होता. कुणी पैसे दिले नव्हते, बापाचा पैसा होता की. घरात लहानपणापासनं क्रांती क्रांती ऐकलेलं, आणि क्रांती करायला स्वतःचा देश सोडून दुसऱ्याचा मिळाला. हे मात्र ध्यानात ठेव, कारण स्वतःच्या गावात लढणाऱ्या माणसाला संध्याकाळी त्याच गल्लीतनं घरी जायचं असतं, बॉम्ब कुणाच्या दारात फुटला हे त्याला विसरता येत नाही. ह्याला तसलं काही बंधन नव्हतं.

मग लंडन. ३० डिसेंबर १९७३ च्या संध्याकाळी मार्क्स अँड स्पेन्सरवाल्या एडवर्ड सीफच्या घरात शिरला. सीफ यहुदी उद्योगपती, इस्रायलचा मोठा पाठीराखा. नोकरावर पिस्तूल धरून आत गेला आणि बाथरूममध्ये सीफच्या तोंडावर जवळनं गोळी मारली. ती दातांनी अडवली, पुढची पिस्तुलात अडकली, आणि सीफ वाचला. पुढच्या वर्षी १५ सप्टेंबर १९७४ ला पॅरिसच्या सेंट जर्मेन भागातल्या ड्रगस्टोअरमध्ये हातबॉम्ब. ड्रगस्टोअर म्हणजे औषधाचं दुकान नव्हे, सिगरेट, पुस्तकं, खाणंपिणं सगळं एका छताखाली. रविवार होता, पोरंबाळं होती. २ मेले, ३४ जखमी. त्याच वेळी जपानी रेड आर्मी नावाच्या डाव्या अतिरेकी टोळीनं हेगमध्ये फ्रान्सची वकिलात ताब्यात घेतली होती, त्यांचा साथीदार सुटावा म्हणून फ्रान्सवर दाब आणायला हा बॉम्ब होता. आणि तपासाची गंमत बघ, तो हातबॉम्ब १९७२ ला जर्मनीतल्या अमेरिकन तळावरनं चोरीला गेलेल्या साठ्यातला, तसलेच हेगमध्ये सापडले, तसलेच पॅरिसमधल्या ह्याच्या अड्ड्यावर. माणसं कितीबी नावं बदलू देत, माल नाव बदलत नाही. ह्या एका बॉम्बची शिक्षा त्याला २०१७ ला लागली, ४३ वर्षांनी.

ओर्लीच्या विमानतळाचं पटकन सांगतो, जानेवारी १९७५ मध्ये आठवड्यात दोनदा ह्यांच्या टोळीनं इस्रायली विमानावर रॉकेट मारायचा प्रयत्न केला, पहिल्या वेळी लागलं भलत्याच युगोस्लाव्ह विमानाला.

आता २७ जून १९७५. हा दिवस मी पोलीस म्हणून कितीदा तरी मनात फिरवलाय. पॅरिसचा वरचा संघटक होता मिशेल मुखार्बल, लेबनॉनचा. त्याला बेरूतमध्ये धरलेलं, पॅरिसला आल्यावर डीएसटी म्हणजे तिथल्या गुप्तवार्ता खात्यानं त्याला चौकशीत घेतलं आणि तो थोडं थोडं बोलायला लागला. संध्याकाळी कमिसार जाँ हेरांझ दोन माणसं घेऊन, मुखार्बलला गाडीत बसवून, रू तुलिए नावाच्या गल्लीतल्या एका फ्लॅटवर गेले. आत व्हेनेझुएलाच्या पोरापोरींची पार्टी, गिटार चाललेली. तिघांकडं एक पण हत्यार नाही. का, तर त्यांच्या मते हे किरकोळ विचारपूस, कार्लोस कोण आहे हेच त्यांना नीट माहीत नव्हतं. अरे, आम्ही साध्या वॉरंटला जाताना सुद्धा मागं कोण, जिन्यात कोण, मागचं दार कुठं हे ठरवून जायचो, आणि एकदा मी पण घाईत तसंच गेलो होतो, नशिबानं समोरच्याच्या हातात फक्त लाटणं होतं (त्याच्या बायकोचं), म्हणून आज लिहितोय. इथं हेरांझ वर बसले, थोडं घेतलं, बोलणं चाललंय, आणि एक माणूस खाली जाऊन मुखार्बलला वर घेऊन आला, ओळख पटवायला. मुखार्बल दारात आला, आणि कार्लोस बाथरूमला जातो म्हणून आत गेला तो पिस्तूल घेऊनच बाहेर आला. रेमों दूस आणि जाँ दोनातिनी जागेवर गेले, हेरांझना गळ्यात गोळी लागली पण ते वाचले, आणि मुखार्बलला पण ठार मारलं, स्वतःच्या माणसाला. मग हा खाली उतरून चालत गेला.

खबऱ्याला संशयिताच्या समोर उभा करायचा नसतो. एवढा एक नियम पाळला असता तर पुढची वीस वर्षं झाली नसती. खबऱ्या काचेआडनं, गाडीतनं, फोटोवरनं ओळखतो, समोर कधीच नाही. माझा एक खबऱ्या होता, पंधरा वर्षं त्याची माझी रस्त्यात गाठ पडली तरी दोघांनी कधी मान पण हलवली नाही.

जॅकल हे नाव त्याच्यानंतरचं. लंडनमध्ये एका ओळखीच्या घरी त्यानं सोडलेली बॅग सापडली, तिथल्या पुस्तकांत एका पत्रकाराला एक गाजलेली इंग्रजी कादंबरी दिसली, त्यातल्या भाडोत्री खुन्याचं टोपणनाव जॅकल. पुस्तक ह्याचं नव्हतंच, घरमालकाचं. पण पेपरानं छापलं आणि चिकटलं. म्हणजे कादंबरीतला माणूस ह्याला पेपरानं बनवला, आणि गंमत अशी की पुढं हा तसाच वागायला लागला.

त्याचा पुरावा म्हणजे व्हिएन्ना. २१ डिसेंबर १९७५, रविवार, तेल विकणाऱ्या देशांची ओपेक म्हणून जी संघटना, तिची बैठक चाललेली. सहा जण खेळाच्या बॅगांत हत्यारं घालून साधेपणी आत गेले. तिघं मेले, एक ऑस्ट्रियन पोलीस, एक इराकी रक्षक, एक लिबियन अधिकारी. ६० च्या वर ओलीस, त्यात ११ मंत्री. डोक्यावर बेरे टोपी, अंगात चामड्याचा कोट, आणि स्वतःची ओळख सांगतोय, मी कार्लोस. अरे, गुप्त काम करणारा माणूस नाव सांगतो का कधी? पॅलेस्टाईनच्या बाजूचं त्यांचं पत्रक ऑस्ट्रियाच्या रेडिओवर दर दोन तासांनी वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी सरकारनं विमान दिलं, आणि विमानतळावर ऑस्ट्रियाच्या गृहमंत्र्यांनी ह्याच्याशी हस्तांदोलन केलं, त्याचा फोटो आहे. आपल्या माणसाचं प्रेत अजून दवाखान्यात असेल आणि मंत्री हात मिळवतोय. मला त्या फोटोत ह्याच्यापेक्षा मंत्र्यावर जास्त राग येतो, असो.

वादी हदादचा हुकूम होता म्हणतात की सौदीचे तेलमंत्री झाकी यमानी आणि इराणचे जमशीद अमुझेगार ह्या दोघांना संपवायचंच. ह्यानं अल्जीयर्समध्ये दोघांना सोडलं, आणि मोठी खंडणी मिळाली असं सगळीकडं बोललं गेलं. हदादनं ह्याला संघटनेतनं काढलं. इथं ये आणि थांब. मरायला तयार असलेला क्रांतिकारक असता तर त्यानं हुकूम पाळला असता आणि मेला असता. ह्यानं हिशोब केला की जिवंत सुटायचं. मी त्याला भित्रा म्हणत नाही, दोन मंत्र्यांचे जीव वाचले हे चांगलंच झालं. पण १९७० चा पोरगा आणि १९७५ चा हा, माणूस तोच असला तरी हेतू सरकलेला. त्याच टोळीतला जर्मन हान्स योआखिम क्लाइन व्हिएन्नात पोटात गोळी खाऊन वाचला आणि नंतर त्याला ह्या सगळ्याची शिसारी आली, १९७७ ला स्वतःचं पिस्तूल एका जर्मन साप्ताहिकाला पाठवून देऊन बाहेर पडला. म्हणजे बाहेर पडायला दार होतं.

पुढं कार्लोसनं स्वतःची टोळी काढली आणि बुडापेस्ट, पूर्व बर्लिन, बुखारेस्ट, दमास्कस असा फिरत राहिला. पूर्वेकडच्या देशांची गुप्त खाती त्याला ठेवून घ्यायची, आणि त्याच्यावर पाळत पण ठेवायची, त्याचं घर आणि फोन सगळं त्यांच्या कानाखाली. रुमानियाच्या गुप्त खात्यासाठी २१ फेब्रुवारी १९८१ ला म्युनिकच्या रेडिओ फ्री युरोप ह्या कम्युनिस्टविरोधी रेडिओ केंद्रावर बॉम्ब टाकला. त्यात पॅलेस्टाईन कुठं आलं सांग बरं? आपल्याकडं पण असले भाई असतात, निवडणुकीपुरते सगळ्यांना लागतात आणि एरवी सगळे लांब उभे राहतात.

आणि आता एक चिठ्ठी. १६ फेब्रुवारी १९८२ ला पॅरिसमध्ये मागदालेना कोप आणि ब्रुनो ब्रेगे स्फोटकं भरलेल्या गाडीसकट सापडले. कोप ही ह्याची बायको म्हण, सोबतीण म्हण. दहा दिवसांत हेगच्या फ्रेंच वकिलातीत फ्रान्सच्या गृहमंत्र्यांच्या नावानं पत्र, दोघांना ३० दिवसांत सोडा. आणि खाली, हे मी खात्यातल्या पोरांना नेहमी सांगायचो, खाली त्यानं स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांचे ठसे उठवले. अरे आमचं अर्धं आयुष्य ठसा शोधण्यात जातं, पावडर मार, टेप लाव, आणि हा माणूस आपण होऊन ठसे पाठवतोय, पत्र खरंच माझंच आहे हे पटावं म्हणून. सावकाराच्या कागदावर अंगठा लावावा तसा.

फ्रान्सनं सोडलं नाही. २९ मार्च १९८२ ला पॅरिस ते तुलुज जाणाऱ्या रेल्वेत बॉम्ब, ५ मेले. २२ एप्रिलला, बरोबर कोपच्या खटल्याच्या दिवशी, पॅरिसच्या रू मारबोफमध्ये गाडीत स्फोट, एक बाई गेली. ३१ डिसेंबर १९८३ ला एक बॉम्ब वेगवान रेल्वेत आणि एक मार्सेच्या स्टेशनवर. ह्या चार स्फोटांत मिळून ११ मेले आणि दीडशेच्या आसपास जखमी झाले, २०११ ला त्यासाठी जन्मठेप झाली, आणि पुरावा बराचसा कुठनं आला, तर बर्लिनची भिंत पडल्यावर उघडलेल्या त्याच गुप्त खात्यांच्या फायलींतनं. ह्या सालचा हेतू विचारलास तर बायको. सरळ बायको. रेल्वेत बसलेल्या माणसाचा इस्रायलशी काय संबंध, ह्याच्या बायकोशी तरी काय संबंध.

इथंच तुझ्या इंग्रजांच्या प्रश्नाचं घेतो. चार पुतळ्याच्या चौकातनं मी रोज सकाळी फिरायला जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, मे १९३० च्या दंगलीत पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मी पोलीस असून त्यांच्यापुढं मान खाली घालतो, तेव्हा सरकारनं काय शिक्का मारला ह्यावर मी ठरवत नाही हे तुला कळलं असेल. ते ह्याच गावात राहिले, पळून गेले नाहीत, आणि त्यांचा राग ज्या राजवटीवर होता तिच्यापुढंच उभे होते. कार्लोसचे मेलेले मोज, ड्रगस्टोअर, रेल्वे, स्टेशन. त्यातल्या एकाचं तरी नाव त्याला आधी माहीत होतं का विचार. ह्या दोघांना एका ओळीत बसवू नको रे, निदान सोलापुरात राहून तरी नको.

शेवट फार पटकन झाला. १९८५ ला कोप सुटली, त्याच्याकडं दमास्कसला गेली, १९८६ ला मुलगी झाली. सीरियानं गप्प बसायच्या अटीवर ठेवून घेतलं आणि १९९१ ला काढून लावलं, सोव्हिएत रशियाच कोसळत होता, ह्याला ठेवून घेऊन कुणाला काय मिळणार? कोप पण सोडून गेली. फिरत फिरत सुदानमध्ये खार्टुमला पोचला, तिथं दुसरी तरुण बायको. ऑगस्ट १९९४ मध्ये वृषणाचं छोटं ऑपरेशन झालं, आणि ज्यांनी रक्षण करायचं त्याच लोकांनी त्याला गुंगीचं औषध देऊन, बांधून, १४ ऑगस्टला फ्रेंचांच्या हवाली केलं. १९९७ ला रू तुलिएच्या तीन खुनांसाठी पहिली जन्मठेप. कोर्टात व्यवसाय विचारला तर म्हणाला व्यावसायिक क्रांतिकारक. तुरुंगात आठ वर्षं एकट्याला कोंडून ठेवलं, त्यावर तो युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेला आणि २००६ च्या निकालात एक मुद्दा जिंकला पण, की ह्या कोंडण्याविरुद्ध दाद मागायला फ्रान्सनं नीट रस्ता ठेवला नव्हता. आपल्याच वकील बाईशी तुरुंगात लग्न लावलं. पुढं इस्लामी क्रांतीवर पुस्तक लिहून बिन लादेनची तारीफ केली. मार्क्सवाद्याच्या घरचा इलिच, आता हे नवीन. गर्दी जिकडं बघतीय तिकडं तोंड केलेलं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, मी समोर असतो तर काय विचारलं असतं. क्रांतीबद्दल एक शब्द नाही, त्यावर तो चार दिवस बोलेल. मी आमच्या हवालदाराचं ऐकलं असतं. २७ जूनला जिना उतरून खाली आलास, पहिल्यांदा डावीकडं वळलास का उजवीकडं, आणि पहिलं दार कुणाचं वाजवलास? मग चहा मागवून त्या चिठ्ठीवर आलो असतो. दोन्ही अंगठे उठवलास ना, तर त्या वेळी खोलीत अजून कोण होतं, आणि शाईचं पॅड कुणी आणून दिलं?